मागच्या सीटवरचा भार

"गाडी हिसके देतीय," शेवाळेकाका मागच्या सीटवरून म्हणाले.

शिरवळ नुकतंच मागं पडलं होतं. रस्ता मोकळा होता. मी दोन्ही पाय पेडलांपासून लांब घेऊन, मांडी घालायचीच काय ती बाकी ठेवून बसलो होतो. गाडी आपली आपण ताशी ऐंशीच्या वेगानं चालली होती.

"नाही काका. काटा बघा ना, ऐंशीवर चिकटून बसलाय."

बोलून गेलो आणि जीभ चावली. काका जन्मापासून आंधळे होते. पण ते हसले.

"तुमच्या काट्याला कळत नसंल. माझ्या पाठीला कळतंय. ऐका." त्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर बोट वाजवायला सुरुवात केली. "आत्ता ढकललं... आत्ता सोडलं... आत्ता परत ढकललं..."

शेजारच्या सीटवर लॅपटॉप उघडा होता. इंजिनाला किती इंधन जातंय याची रेघ त्यावर सरकत होती. मी एक डोळा रस्त्यावर ठेवून तिकडं पाहिलं. काकांचं बोट वाजलं की रेघ वर जायची, ते थांबलं की खाली यायची. तंतोतंत.

मी गाडी कडेला घेतली. तीन महिने मी जे शोधत होतो, ते या माणसानं पहिल्यांदाच त्या गाडीत बसून बोटानं दाखवलं होतं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि पुण्याजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत चाचणी विभागात इंजिनिअर होतो. आमची एक आठ माणसांची गाडी परदेशी जायची होती आणि तिकडच्या लोकांना तिच्यात क्रूझ कंट्रोल हवा होता. आपल्याकडं तेव्हा तो शब्दही फारसा कुणाला ठाऊक नव्हता. चालकानं एकदा वेग ठरवून बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. पुढचं सगळं डॅशबोर्डमागची एक डबी बघते. चाकांवरून तिला खरा वेग कळतो. ठरलेल्या वेगापेक्षा तो कमी पडला तर ती इंजिनाला जास्त इंधन द्यायला सांगते, वाढला तर हात आखडता घेते. ब्रेकला पाय लागला की सगळं सोडून देते. डबीचा गाभा परदेशी होता. तो आमच्या इंजिनाशी जुळवून घ्यायचं काम माझ्याकडं होतं.

आणि ते जुळत नव्हतं. आकडे सगळे छान होते. वेग ऐंशीच्या दोन किलोमीटर वर किंवा खाली, त्यापलीकडं कधी गेला नाही. पण आम्ही माणसं बसवून गाडी नेली की मागच्या सीटवरच्यांना मळमळायला लागायचं. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. आमचे विभागप्रमुख बेंद्रे साहेब एक दिवस म्हणाले, "गुळवणी, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर या मॉडेलमधून ते काढून टाकू." ते काढून टाकणं म्हणजे मला काढून टाकण्यासारखंच होतं.

रंगनाथ शेवाळे कंपनीचे टेलिफोन ऑपरेटर होते. पन्नाशीचे, अंगानं बारीक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. चोवीस वर्षं ते स्वागतकक्षामागच्या काचेच्या खोलीत बसून साऱ्या कंपनीचे फोन जोडत होते. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत प्रत्येकाला ते 'हॅलो'वरून ओळखायचे. त्यांचं गाव पाचवडजवळ होतं. बायको-मुलं गावी, हे चिंचवडला एका खोलीत. दर शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ते पांढरी काठी घेऊन एसटीनं घरी जायचे. मीही दर शनिवारी चाचणीची गाडी घेऊन साताऱ्यापर्यंत जाऊन यायचो. मागच्या सीटवर वजन ठेवणं सक्तीचं होतं, त्यासाठी वाळूची पोती असायची. एकदा पोती उचलायला माणूस मिळाला नाही, तेव्हा मला काका आठवले.

चाचणीच्या गाडीत बाहेरचं माणूस बसवायला बंदी होती. म्हणून फाटकाबाहेरच्या पानटपरीपाशी मी त्यांना घ्यायचो. नोंदवहीत लिहायचो, 'मागील सीटवर भार : वाळू, पासष्ट किलो.' हे मी त्यांना हसत सांगितलंही होतं. तेही हसले होते.

त्यानंतरचे चार शनिवार आम्ही बरोबर गेलो. फोनवर काका अगदी छापील बोलायचे, गाडीत बसले की साताऱ्याचे व्हायचे. शिरवळच्या पुढं लहान लहान चढउतार आहेत. तिथं मी डबीतले आकडे बदलत जायचो आणि ते बोट वाजवत राहायचे.

"आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं," एकदा ते म्हणाले. "त्याला फिरणारे दोन गोळे होते. इंजिन जोरात पळालं की गोळे लांब फाकायचे आणि तेल कमी व्हायचं. मंदावलं की जवळ यायचे, तेल वाढायचं. बाबांनी माझ्या हाताला लावून दाखवलं होतं, इंजिन बंद असताना. ते गोळे झिजले तेव्हा इंजिन असंच करायचं. फक्... फक्... फकफकफक... फक्..."

"काका, तुमच्या विहिरीवरच्या गोळ्यांचीच ही नात आहे," मी म्हणालो. "मधल्या काळात अमेरिकेतल्या गाड्यांना एक भाता असायचा. इंजिन त्यातली हवा ओढायचं आणि भाता साखळीनं पेडल ओढायचा. आता भाता गेला, साखळी गेली. डबी आली."

"डबी आली, पण खोड तीच."

खोड मोडत नव्हती. मी डबीचा जोर कमी केला तर गाडी चढाला रेंगाळायची. वाढवला तर हिसके वाढायचे. तिसऱ्या शनिवारी मी पुरता वैतागलो आणि ढाब्यावर चहा सांगून त्यांच्यासमोर सगळं मांडलं. डबी दोन गोष्टी बघते, म्हटलं. आत्ता वेगात किती फरक आहे आणि तो फरक किती वेळ टिकून आहे. टिकून राहिला तर ती जोर वाढवत नेते.

काका बशीतला चहा फुंकत ऐकत होते. "आणि तिनं तेल मागितल्यावर इंजिन लगेच जोर धरतं का?"

"लगेच नाही. टर्बो आहे ना. त्याचं पातं फिरून इंजिनात हवा भरायला थोडा वेळ जातो."

"किती?"

"सेकंदभर धरा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मग तुमची डबी नव्या साहेबासारखी आहे."

"म्हणजे?"

"पूर्वी फॉरेनचा कॉल उपग्रहावरून यायचा. इकडून हॅलो म्हटलं की पलीकडं पोचून उत्तर यायला वेळ लागायचा. जुन्या साहेबलोकांना ते ठाऊक होतं. नव्यांना दम नसायचा. उत्तर आलं नाही की परत हॅलो. तोवर पहिल्या हॅलोचं उत्तर यायचं. मग दोघंही एकदम बोलायचे, मग दोघंही गप्प, मग परत दोघंही एकदम. मी मध्ये पडून सांगायचो, साहेब, एकदा बोला आणि थांबा, त्याचं येऊ द्या." त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "तुम्ही नुसतं तिला हळू बोल, मोठ्यानं बोल करताय. तिला थांबायला कुठं सांगितलंय?"

मी इतके महिने डबीचा जोर बदलत होतो. तिची घाई तशीच होती. ती सेकंदभराच्या आत दोन-तीनदा इंधन वाढवायची, आणि सगळं मागितलेलं एकदम हाती आलं की दचकून तोडून टाकायची. पुढच्या आठवड्यात मी जोर तसाच ठेवला आणि फरक टिकून राहिला की इंधन वाढवत न्यायची तिची गती निम्म्याहून कमी केली. चौथ्या शनिवारी शिरवळपासून पुढं काकांचं बोट वाजलंच नाही. खंबाटकीच्या पायथ्याशी मी आरशात पाहिलं तर ते मान टाकून झोपले होते.

उतरताना ते माझा हात धरून थोडं थांबले.

"हेमंतराव, एक विचारू? कंपनीत आपोआप फोन जोडणारं मशीन येणार म्हणतात. मग माझी खोली जाणार. तुमच्या विभागात मला बसवता येईल का? गाडीत बसायचं आणि पाठीला काय कळतं ते सांगायचं. एवढंच."

"अहो, का नाही? मी बेंद्रे साहेबांशी बोलतो. तुमच्यासारखा माणूस शोधून मिळणार नाही."

हे मी मनापासून म्हणालो होतो.

पुढच्या बुधवारी बैठक झाली. बेंद्रे साहेब, एक डायरेक्टर, आणखी चार-पाच जण आणि मी. टेबलाच्या मधोमध स्पीकर होता, त्यावर जर्मनीतले सल्लागार. आदल्या दिवशी डायरेक्टर स्वतः मागच्या सीटवर बसून लोणावळ्यापर्यंत जाऊन आले होते आणि खूश होते.

"आकडे तर आधीही बरोबर होते," ते म्हणाले. "मग तुला हे सापडलं कसं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काकांचं नाव माझ्या ओठावर होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण नाव घ्यायचं तर बंदी मोडल्याचं सांगावं लागणार होतं. नोंदवहीत माणसाला वाळू लिहिल्याचं सांगावं लागणार होतं. असं कारण मी नंतर कितीदा तरी स्वतःला दिलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. इतक्या मोठ्या माणसांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"सर, माझी बहीण अमेरिकेत असते," मी म्हणालो. "पूर्वी तिच्याशी फोनवर बोलताना आवाज उशिरा पोचायचा. आम्ही दोघंही एकदम बोलायचो, मग दोघंही गप्प. परवा ते आठवलं आणि एकदम डोक्यात आलं की आपली डबीसुद्धा—"

स्पीकर खरखरला आणि लाईन गेली. कुणीतरी बटणं दाबायला लागलं. पण अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून स्वच्छ, छापील आवाज आला.

"सॉरी सर, लाईन तुटली होती. परत जोडून दिली आहे. गुळवणी साहेब बहिणीच्या फोनबद्दल सांगत होते. बोला सर."

"व्वा! ऑपरेटर असावा तर असा," डायरेक्टर म्हणाले आणि सगळे हसले.

मला सख्खी बहीण नाही. मी पुढं बोललो. शेवटपर्यंत बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण जर्मन लोकांनी अभिनंदन केलं आणि बेंद्रे साहेबांनी पाठीवर थाप मारली. परदेशातल्या चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव त्याच बैठकीत ठरलं.

त्या शनिवारी मी गाडी मागच्या फाटकानं काढली. मागच्या सीटवर वाळूची पोती होती, या वेळी खरीखुरी. सोमवारी टपरीवाल्या तांबोळींनी पान लावता लावता मला सांगितलं, "शनिवारी काका इथं तासभर उभे होते. म्हटलं, एसटी तरी धरा. तर म्हणाले, गुळवणी साहेब कामात अडकले असतील, येतील."

सगळं ऐकूनसुद्धा ते उभे राहिले होते. मी पान तसंच तांबोळींच्या हातात सोडून आत गेलो.

जायच्या-यायच्या वाटेवर काचेची खोली लागायची. मी जिन्यानं आडवाटेनं जायला लागलो. मला बाहेरचा फोन लावायचा असला तर मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला लावायला सांगायचो, म्हणजे त्यांना माझा 'हॅलो' ऐकू जायला नको.

दीड महिन्यानं नवं मशीन आलं. बेंद्रे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात प्रशासनाचा कागद होता.

"ते ऑपरेटर आहेत ना, शेवाळे. त्यांची जागा गेली. कुठल्या विभागात सामावून घेता येईल का, असं सगळ्यांना विचारलंय. त्यांनी अर्जात आपल्या विभागाचं नाव लिहिलंय. आपलंच का, कळेना. तू ओळखतोस त्यांना?"

खिडकीतून चाचणीचा रस्ता दिसत होता. आमची गाडी सावकाश फेऱ्या मारत होती. मी 'हो' म्हटलं तर ते काकांना बोलावून घेणार होते. काका समोर बसले की पुढचं बोलणं कुठं जाईल, हे मला दिसत होतं.

"फोनवर बोलण्यापुरतं," मी म्हणालो. "पण सर, न दिसणाऱ्या माणसाला आपण चाचणी विभागात काय काम देणार?"

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर सही केली.

काका ज्या दिवशी कंपनी सोडून गेले त्या दिवशी मी रजा टाकली होती.

त्यानंतर वीस वर्षं माझं चांगलं चाललं. बेंद्रे साहेबांच्या खुर्चीवर मी बसलो. उपग्रहावरच्या फोनची गोष्ट मी पुढं कधी स्वतः सांगितली नाही, पण दुसरे लोक ती माझ्यादेखत, माझ्या नावानं सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. गेल्या वर्षी नव्यानं लागलेली मृण्मयी ठोसर नावाची मुलगी आमच्यासमोर क्रूझ कंट्रोलच्या इतिहासावर बोलायला उभी राहिली. तिनं सांगितलं की हे यंत्र पहिल्यांदा ज्याला सुचलं तो अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून आंधळा होता. म्हणतात, त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. शेजारी बसून त्याला ते सोसेना, म्हणून त्यानं हे शोधलं.

"म्हणजे डोळस लोकांना जे कळलं नाही ते त्याला कळलं," ती म्हणाली. "सर, आपल्या विभागात असं कुणी होतं का हो कधी?"

तिनं सहज विचारलं होतं. मी पाणी प्यायलो आणि दुसराच विषय काढला. पण रविवारी सकाळी गाडी काढून मी पाचवडला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. काका ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"काका, मी हेमंत. हेमंत गुळवणी."

त्यांचा हात थांबला. "आवाज जड झाला तुमचा, साहेब. बसा."

सुनेनं चहा आणला. ती आत गेल्यावर मी सगळं बोललो. बैठकीत त्यांची गोष्ट माझी म्हणून सांगितली ते बोललो, मागच्या फाटकाचं बोललो. ते शेंगा फोडत राहिले.

"ऑपरेटरनं लाईनीवर काही ऐकलेलं नसतं, साहेब," ते म्हणाले. "आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवतात."

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला सगळं ओकून मोकळं व्हायचं होतं. बेंद्रे साहेबांनी कागद हातात धरून काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही मी शब्दाला शब्द सांगितलं.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही शब्द टाकला असंल. वरच्यांनी मानला नसंल." त्यांनी शेंग सुपात परत ठेवली. "आता कशाला सांगितलंत?"

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाय मागंही घेतले नाहीत.

फाटकापर्यंत सून पोचवायला आली. चाळिशीची, हसतमुख बाई.

"तुम्हीच का ते गाडीचे हेमंतराव? मामंजी पूर्वी लई सांगायचे. कंपनीच्या मोठ्या गाडीतली खोड मी नुसती पाठीनं ओळखली म्हणायचे, इंजिनिअरला सापडत नव्हती ती. गावातली माणसं चेष्टा करायची हो त्यांची. आम्हीपण हसायचो. मग त्यांनी सांगायचंच सोडलं."

"ते खरं आहे," मी म्हणालो. "ती खोड त्यांनीच शोधली. तो इंजिनिअर मीच."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे भरून आल्यासारखी मऊ हसली.

"तुम्ही भली माणसं. म्हाताऱ्याचं मन राखायला इतक्या लांबून आलात आणि असं बोलताय. कळतं आम्हाला."

"नाही ताई, खरंच—"

"असू दे हो," ती हळू आवाजात म्हणाली. "लई बरं वाटलं असंल त्यांना."

मी वळून पाहिलं. ओटा आठ-दहा पावलांवर होता. काका आमच्याकडं तोंड करून बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणारच. त्यांनी सूप मांडीवर ओढून घेतलं आणि पुढची शेंग फोडली.